मध्येच सोडता येईल असा धंदा

कुठलाही धंदा सुचवला की कडूबा एकच विचारायचा, “हे मध्येच सोडता येतं का?”

लंडनमध्ये हॅरोला एका भाड्याच्या हॉलमध्ये रविवारी बुद्धवंदना होते, आणि नंतर चहा. गेल्या हिवाळ्यात चहाच्या टेबलापाशी हाच विषय असायचा. अजय इलेक्ट्रिशियन, नागपूरचा. लोकांच्या माळ्यांवर गुडघ्यांनी रांगून त्याचाही जीव उबगला होता, आणि कडूबाबरोबर भागीदारीत दुसरं काहीतरी सुरू करावं असं त्याने मनात घेतलं होतं. मिसळीची व्हॅन काढू, तो म्हणाला. कडूबाचं म्हणणं, रस्सा उकळत असताना निघता येत नाही. मग कार्पेट धुण्याचं मशीन. भिजलेलं कार्पेट लोकांच्या घरात तसंच टाकून कसं जाणार? मग ड्रायव्हिंग शिकवणं. शिकाऊ पोरीला मोटरवेवर सोडून उतरायचं का?

“भाऊ, तुमाले धंदा नाही, पेन्शन पायजे,” अजय म्हणाला. सगळे हसले, कडूबाही हसला. त्याची बायको लता कप गोळा करत होती. ती तेवढी हसली नाही.

कडूबा जालन्याकडचा, गवंड्याचा मुलगा. लताला लंडनच्या एका हॉस्पिटलात नर्सची नोकरी लागली तेव्हा तो तिच्याबरोबर आला आणि इथे प्लॅस्टरचं काम शिकला. इथलं प्लॅस्टर गुलाबी असतं, मऊ, पिठासारखं. बापाच्या सिमेंटपेक्षा ते कितीतरी लवकर घट्ट होतं. कालवलं की माल धरायला, म्हणजे घट्ट व्हायला, लागतो आणि घाई सुरू. छत मोठं असेल तर दोन माणसं फळीवर शेजारी शेजारी उभी राहतात, एकाच वेळी थापी ओढत जातात, आणि दोघांचं प्लॅस्टर ओलं असतानाच मध्ये जुळावं लागतं. मध्ये कोणी थांबलं तर तिथे रेघ पडते. उन्हं कलली की ती दिसते.

कडूबाच्या डाव्या बाजूला कायम सुहास असायचा. वयाने लहान, मिल्टन कीन्सहून रोज गाडी हाणत येणारा, कडूबाला ‘दादा’ म्हणणारा. उजव्या हातात थापी, डाव्या हातात माल घेतलेली दांड्याची चौकोनी पाटी. ती पाटी जड असते. या कामातल्या सगळ्यांचाच डावा हात दुखतो. संध्याकाळी त्यावर विनोद होतात.

स्टॅनमोरच्या एका घरात, अर्धं छत झालेलं असताना, सुहास म्हणाला होता, “दादा, हात लई दुखतोय आज. उतरू का जरा?”

कडूबाने छतावरची नजर काढली नाही. “माल धरतोय रे,” तो म्हणाला. “एवढं ओढून घे, मग बस.”

सुहासने ओढून घेतलं. छत आरशासारखं झालं. मग तो मागच्या अंगणात नळावर थाप्या धुवायला गेला आणि नळ तसाच वाहत राहिला. अँब्युलन्स आली तोवर काही उरलं नव्हतं. हार्ट अटॅक, असं सगळ्यांना कळलं. कडूबा शेजारी होता हेही कळलं. सुहास फळीवर काय म्हणाला, हे मात्र कडूबाने कोणालाच सांगितलं नाही. सुहासच्या बायकोला, श्यामलाला नाही, आणि लताला तर नाहीच. ती नर्स होती. तिने आधी एवढंच विचारलं असतं, कुठला हात?

त्यानंतर त्याने छताचं काम घेतलं नाही. भिंतींची डागडुजी तेवढी करायचा, तीही एकट्याने. घट्ट होताना प्लॅस्टर गरम होतं. इतकी वर्षं त्याने त्याकडे लक्षच दिलं नव्हतं. आता ती ऊब हाताला लागली की तो हात मागे घ्यायचा. माणसाच्या पाठीवर हात ठेवावा तसं वाटायचं, आणि थोड्या वेळाने ती पाठ गार व्हायची. कधी डावीकडून कोणी श्वास घेतल्यासारखं व्हायचं. तो न बघता थोडा उजवीकडे सरकायचा. जागा करून द्यायचा.

फेब्रुवारीत अजयने शेवटची गोष्ट आणली. स्टेशनजवळ चाव्या बनवण्याचं एक छोटंसं दुकान होतं. म्हातारा मालक ते सोडून मुलीकडे राहायला चालला होता. त्याने मशीन चालू करून दाखवलं, चावी अर्धी कापली आणि बटण बंद केलं. पातं फिरत फिरत थांबलं. चावी तशीच पकडीत राहिली.

अजय म्हणाला, “सोडली मध्येच. आता बोला.”

पण कडूबाच्या तोंडून ‘हो’ निघेना. म्हातारा महिनाअखेरपर्यंत थांबायला तयार होता. दिवस जात होते. लता जादा ड्युट्या करत होती आणि त्याला काही विचारत नव्हती. आपण गेलो तर सुहास त्या फळीवर एकटा राहील, असं कडूबाला वाटत होतं. हे कोणाला कसं सांगायचं?

अशात श्यामलाचा फोन आला. वरच्या बाथरूममधून पाणी गळून तिच्या स्वयंपाकघराचं छत खाली आलं होतं. छताला नवे बोर्ड लावून झाले होते, प्लॅस्टर राहिलं होतं. “दुसऱ्या कोणाला बोलवावंसं वाटेना, दादा,” ती म्हणाली.

लताची सुट्टी बघून दोघं मिल्टन कीन्सला गेली. स्वयंपाकघराच्या दारामागे सुहासचं कामाचं जॅकेट अजून होतं, बाहीवर गुलाबी डाग. कडूबाने माल कालवला आणि फळीवर चढला. एकट्याने करायचं म्हणजे आधी उजवी बाजू, मग पळत डावी. उजवी झाली. डावीकडे सरकला आणि त्याचे पाय अडले, कोणी उभं असल्यासारखे. डावा हात खांद्यापासून ठणकत होता.

खालून श्यामला बघत होती. “हात दुखतोय का?”

“थोडा. माल धरतोय वहिनी, एवढं ओढून घेतो.”

“धरू दे,” ती म्हणाली. “उतरा.”

कडूबा वरच उभा राहिला. थापीवरचा माल जमिनीवर पडला. मग त्याने थापी फळीवर ठेवली आणि तो उतरला. इतकंच. छत अर्धं राहिलं. दुसरं काहीच झालं नाही, आणि काहीच झालं नाही हे त्याला बघवेना.

खुर्चीवर बसून त्याने दोघींना सगळं सांगितलं. सुहास काय म्हणाला, आपण काय म्हणालो. श्यामलाने पेपर टॉवेल घेतला आणि जमिनीवरचा डाग पुसायला बसली. वर न बघता म्हणाली, “मलापण सांगितलं होतं त्याने, त्या दिवशी सकाळी फोन करून. हात दुखतोय म्हणाला. मी म्हटलं, घरी आलास की बाम लावते.”

डाग केव्हाच गेला होता. ती पुसत राहिली.

लताने कडूबाची खुर्ची आपल्याकडे वळवली. त्याचा डावा हात मांडीवर घेऊन मनगटावर बोटं ठेवली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिली. मग दुखणं कुठून कुठे जातं, छातीत काही होतं का, ते एकेक करून विचारलं. “उद्या डॉक्टर,” ती म्हणाली. बादलीतला माल दगड झाला होता. निघताना कडूबाने बादलीला हात लावून बघितला. अजून कोमट होती.

डॉक्टरांना हृदयात काही सापडलं नाही. खांदा झिजलाय, वर हात करायची कामं नकोत, एवढंच. कडूबा त्याच आठवड्यात चावीवाल्याकडे जाऊन हो म्हणून आला. श्यामलाचं उरलेलं छत करून देतो म्हणाला, तर ती नको म्हणाली. दुसरा एक जण येऊन करून गेला. मधली रेघ संध्याकाळी दिसते म्हणे.

अजय अधूनमधून दुकानात येऊन बसतो. त्याचं अजून ठरत नाहीये. गाडी गाठायची असलेली माणसं काचेवर बोटं वाजवतात, पटकन करा म्हणतात. कडूबा मान हलवतो. चावी अर्धी कापून होते तेव्हा तो बटण बंद करतो. पातं थांबेपर्यंत वाट बघतो, मान किंचित डावीकडे कलवून. कोणी काही म्हणत नाही. मग तो पुन्हा बटण दाबतो.