गोरी नाही, पांढरी

नलिनी सिस्टर कुठल्याच मुलाला आधी नाव विचारत नसत. अंगठ्याने डोळ्याची खालची पापणी ओढायची, आतला रंग बघायचा आणि मग आईला सुनावायचं. परळच्या इस्पितळात, मुलांच्या किडनीच्या ओपीडीत, आम्ही आया त्या अंगठ्याला टरकून असायचो.

माझी किडनी माझ्या मनालीला बसवली तेव्हा ती अकरा वर्षांची होती. डायलिसिस सुटलं आणि आम्हाला वाटलं, आता सुटलो. वर्षभरात पोरगी उजळली. नायगावची आमची चाळ कौतुक करायची, आईची किडनी काय मानवली, कशी गोरीपान झाली! मीही मूर्खासारखी फुगले. जिना चढताना ती दोनदा खाली बसायची, शाळेत बाई तिला आळशी म्हणायच्या, आणि मी वर तिलाच ओरडायचे.

सिस्टरांनी तिची पापणी ओढली आणि भरल्या ओपीडीत त्यांचं मालवणी सुटलं. "गोरी नाय झाली गो ती, पांढरीफटक पडली हा. अंगात रक्त नाय, आणि तू कौतुक कसला करतंस?"

मला त्यांचा भयंकर राग आला. आत डॉक्टरांनी रिपोर्ट बघून किडनी झकास चालल्याचं सांगितलं, तेव्हा तर जास्तच. सिस्टरांनी तोच कागद पुन्हा त्यांच्यापुढे सरकवला आणि हिमोग्लोबिनवर बोट ठेवलं.

"डॉक्टर, ही ओळपण ह्याच पोरीची आहे."

ती ओळ आधीच्या तीन रिपोर्टांतही होती. कुणी वाचली नव्हती. आजही आठवलं की डोकं फिरतं. किडनी टिकावी म्हणून दिलेल्या गोळ्यांनीच रक्त कमी होत होतं. डोस बदलला, इंजेक्शनं लागली, आणि काही महिन्यांत मनाली आपल्या मूळच्या सावळ्या रंगावर आली. जिना धावत चढायला लागली.

मागच्या वर्षी सिस्टर वारल्या. भोईवाड्याला त्यांच्या घरी गेले, पण रडू येईना, नुसता संताप येत होता. आता त्या ओपीडीत पापणी कोण ओढणार?

परवा हिंदमाताला मनालीसाठी साडी घेत होतो. माझी नणंद तिच्या खांद्यावर पदर टाकून हळहळली, "मध्ये किती छान गोरी झाली होती गं. परत काळवंडली."

दुकानदारादेखत मी मनालीची पापणी खाली ओढली.

"इकडे बघा ताई," मी म्हटलं. "लाल आहे."