एकाच शेतात तीन ट्रक

चुडामणभाऊ,

तुम्ही आता या जगात नाही, हे पत्र तुम्हाला पोचणार नाही, तेव्हा गोड बोलायची गरज उरलेली नाही. मी तुम्हाला चोर समजत होते. एक-दोन दिवस नाही, सव्वा महिना.

चुडामण देवराम महाजन. फोपनारचे, मॅट्रिक पास. आपल्या केळी उत्पादक संस्थेच्या वजनकाट्यावर दहा वर्षं, मग फोपनारच्याच शाखेत कारकून. मी बऱ्हाणपूरच्या मुख्य कचेरीत सचिव. तुम्ही अठ्ठेचाळिसाव्या वर्षी सायकलने रोज बऱ्हाणपुरात, शनवारा भागातल्या क्लासात येऊन कॉम्प्युटर शिकलात, तेव्हा कचेरीत सगळे हसले होते. मीसुद्धा.

बऱ्हाणपूर जिल्हा झाला, त्याच्या पुढच्या वर्षी, २००४ साली, संस्थेने सगळ्या शाखा एका यंत्राला जोडल्या. यंत्र बऱ्हाणपुरात, फोपनारला आणि खकनारला नुसता पडदा आणि कीबोर्ड, मधे टेलिफोनची तार. शेतकऱ्याने कटाईचा दिवस सांगायचा, तुम्ही तिथून ट्रक मागायचा, यंत्राने तो नेमायचा. बैठकीत तुम्ही एकटे उठून बोललात, "आमचं फोपनारचं कॉम्प्युटर चांगलं चालू राहिलं, त्याले बऱ्हाणपूरचं जू कायले?" मी ते वाक्य लक्षात ठेवलं.

मार्चमध्ये फोपनारच्या उखर्डूच्या शेतात एका ट्रकच्या जागी तीन आले. त्याच दिवशी धुरपदाबाईचे कापलेले घड उन्हात पडून राहिले, कारण तिच्या वाट्याचा ट्रक उखर्डूकडे उभा होता. पंधरा दिवसांत असं चारदा झालं. दर वेळी फोपनार, दर वेळी तुमच्या नावाने.

मी बोलावून विचारलं, "हे काय चाललंय?"

"पडदा जाम होते बाईसाहेब. काही उमटतच नाही. मग मी पुन्हा लिहितो."

"खकनारला नाही होत जाम."

"ते मले काय मालूम!"

उत्तर उद्धट वाटलं. यंत्र बसवणारे श्रीकांत जोशी इंदूरहून आले, फोपनारला तासभर बसले, पन्नास नोंदी केल्या. एकदाही पडदा अडला नाही. परत येऊन म्हणाले, "मॅडम, मशीनमध्ये काही खराबी नाही. माणूस तपासा."

मी माणूस तपासला. चारही घटनांच्या वेळा काढल्या. चारही वेळा सकाळी अकराच्या आसपास, म्हणजे भारनियमनाची वीज जाते तेव्हा. बॅटरीवर पडदा चालू राहतो, पण पंखा बंद होतो आणि बाकीचे लोक निंबाखाली जाऊन बसतात. तुम्ही खोलीत एकटे. गणितात बी.एस्सी. झालेल्या बाईला आणखी काय पुरावा हवा? जादा फेऱ्यांच्या भाड्यासाठी ट्रकवाल्यांशी तुमचं संगनमत आहे, हे मी अध्यक्षांना सांगून मोकळी झाले. दार लावायची तसदी घेतली नाही. शिपायाने ऐकलं, शिपायाचा मेहुणा नेपानगरच्या कागद गिरणीत, आणि त्याच गिरणीत तुमचे व्याही.

आखाजीला, म्हणजे लेकी माहेरी येतात त्या अक्षय्य तृतीयेला, तुमच्या कुसुमला सासरच्यांनी माहेरी धाडलं नाही. "बाप आळातून सुटला की मग पाहू," असा निरोप आला. गावातल्या साऱ्या लेकी झोक्यावर आणि तुमची नाही. तुम्ही हे मला सांगितलं नाहीत. मालूबाई, तुमच्या घरच्या, त्या कचेरीच्या पायरीवर येऊन मला म्हणाल्या, "बाई, नोकरी घ्या, पण पोरीचं घर नका घेऊ." मला वाटलं, हेही शिकवून पाठवलेलं असेल.

चोराला रंगेहाथ धरायचं म्हणून मी न कळवता फोपनारला आले. अकराला दहा मिनिटं कमी. "तुमचं चालू द्या," म्हणून मागे रजिस्टर उघडून बसले. रजिस्टर कसलं वाचते, डोळे तुमच्या हातांवर.

उन्हाळी कटाईची नोंद चालली होती. पंखा मंदावला. आणि तुमच्या डाव्या हाताची करंगळी कीबोर्डच्या कोपऱ्यात गेली, दुसरं बोट एसवर. क्षणात. तुमची नजर पडद्यावरून हललीसुद्धा नाही.

"थांबा! आता काय दाबलंत?"

"मी? काही नाही."

"कंट्रोल आणि एस दाबलंत. मी पाहिलं."

तुम्ही स्वतःच्या हाताकडे पाहिलंत. "दाबलं असंल. लाइट गेली ना. क्लासात मास्तरांनी सांगितलं होतं, पंखा हळू झाला की पहिले सेव्ह. नाही तर सगळी मेहनत पाण्यात." मग पडद्याकडे बोट केलंत, "पाहा बाईसाहेब, झालं ना जाम!"

मी तिथूनच श्रीकांतना फोन लावला. ऐकून ते हसले. मला हसू आलं नाही. ते म्हणाले, तारेवरच्या यंत्रात त्या दोन बटणांचा अर्थ जतन करणं नाही, थांब असा आहे. पलीकडून येणारी अक्षरं थांबतात. इकडून लिहिलेलं मात्र जात राहतं. कंट्रोल आणि क्यू दाबलं की पुन्हा सुरू. म्हणजे तुम्ही मेलेल्या पडद्यावर तीनदा ट्रक मागत होतात आणि बऱ्हाणपूर तीनदा हो म्हणत होतं. ते हो तुम्हाला दिसत नव्हतं. श्रीकांत आले होते दुपारी, वीज असताना.

मी क्यू दाबला. साचलेल्या ओळी भराभर उतरल्या. तरीही, खरं सांगते, मी आणखी दोनदा तुमच्याकडून तेच करवून घेतलं. इतक्या लवकर संशय सोडायला मन तयार होत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही निर्दोष असल्याचा आदेश मी टाइप करून, शिक्का मारून तुमच्या हातात दिला. तुम्ही तो वाचून परत टेबलावर ठेवलात.

"कागद फाइलात राहते बाईसाहेब. व्याही कागद वाचणार नाहीत. तुम्ही एकदा नेपानगरले चला. तुमच्या तोंडून निघालं, तुमच्याच तोंडून सांगा."

"येत्या रविवारी," मी म्हणाले.

त्या रविवारी घरी पाहुणे आले. पुढच्या रविवारी संस्थेच्या निवडणुकीची यादी होती. तिसऱ्या रविवारी तुम्ही धुतलेला सदरा घालून सकाळी आठलाच माझ्या दारात उभे राहिलात, हातात कुसुमच्या सासूसाठी केळ्यांची फणी. मी खंडव्याच्या बैठकीला निघाले होते, रिक्षा उभी होती.

"पुढच्या रविवारी नक्की," मी म्हणाले.

"बरं," म्हणालात तुम्ही, आणि सायकल वळवलीत. त्यानंतर तुम्ही विचारलं नाहीत, आणि मी नेपानगरला गेले नाही.