कुमुदताईंची लाल बिअर

कुमुदताई हर्डीकर कुठलाही दाणा आधी दातांनी फोडून बघत. दुकानदाराला विचारण्याची पद्धत त्यांच्याकडे नव्हती. चेन्नईत अड्यारच्या वाण्याकडे मी बार्ली घेत होते. उन्हाळी लागली होती आणि आई फोनवरून बार्लीचं पाणी प्यायला बजावत होती. शेजारी उभ्या असलेल्या उंच बाईंनी माझ्या पुडीतला दाणा उचलला आणि पुढच्या दातांखाली चिरडला.

"कडिक्कादीन्ग, अम्मा," वाणी वैतागला. चावू नका.

बाई त्याला तमिळमधून काहीतरी खरमरीत बोलल्या आणि मला मराठीत म्हणाल्या, "जुनी आहे. परत कर. आईशी जरा हळू बोलत जा, सगळ्या दुकानाला तुझी उन्हाळी कळली."

त्या आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहत. यजमान केंद्र सरकारच्या कचेरीत मोठ्या हुद्द्यावर होते. मी सिरुसेरीला सॉफ्टवेअरच्या नोकरीत नवी, एकटी. पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले तेव्हा सवयीनं 'काकू' म्हणाले. त्यांनी हातातली ताटली खाली ठेवली. "काकू म्हणजे काकाची बायको. मला नाव आहे." तेव्हापासून कुमुदताई.

त्या दिवशी स्वयंपाकघरात भाजल्याचा वास कोंदला होता. ओट्यावर काचेच्या बरण्या होत्या आणि प्रत्येकीत वेगळ्या रंगाचे जव. ते माल्ट आहे, म्हणजे जवाला मोड आणून वेळेवर वाळवलेलं, आणि या बाई त्याची बिअर करतात, हे कळल्यावर मी हसले. माझं हसू संपेपर्यंत त्या माझ्याकडे नुसत्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "झालं? आता हात धू आणि हे निवड."

कुमुदताई सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेल्या. नवऱ्याच्या प्रत्येक बदलीबरोबर एकेक नोकरी सोडत त्या इथवर आल्या होत्या. चेन्नईत त्यांना शहराबाहेरच्या एका बिअरच्या कारखान्यात प्रयोगशाळेत काम मिळालं. मालकाला लाल बिअर बाजारात आणायची होती. कुमुदताईंनी वर्षभर खपून तिच्यासाठी माल्ट ठरवलं: कुठलं, किती, किती भाजलेलं. मालकानं वाखाणलं. मग नेहमीच्याच साखर घातलेल्या पिवळ्या बिअरमध्ये जळक्या साखरेचा रंग ओतला आणि बाटलीवर 'लाल' असं छापलं. बाहेरून आलेल्या पाहुण्यांसमोर कुमुदताईंनी ते बोलून दाखवलं. दुसऱ्या दिवशी फाटकावरच्या माणसानं त्यांना आत सोडलं नाही.

"रंग दाण्यातून आला पाहिजे," हे त्यांचं वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल. टीव्हीवरच्या पुढाऱ्याला, देवळाबाहेरच्या हळदीकुंकवाला, माझ्या एका बेगडी मित्राला, सगळ्यांना त्या हेच लावत.

कारखाना सुटला, पण त्यांनी ती बिअर सोडली नाही. निर्मला नावाची त्यांची कॉलेजातली मैत्रीण हरियाणात माल्टच्या धंद्यात होती. तिच्याकडून साध्या फिक्या माल्टचं पोतं रेल्वेनं येई. बाकीचं त्या घरच्या ओव्हनमध्ये करत. थोडं नुसतं शेकायचं, भाकरीच्या पापुद्र्याचा वास सुटेपर्यंत. थोडं भिजवून झाकून मंद आचेवर ठेवायचं, म्हणजे दाण्याच्या पोटातच साखर होते, मग ते तांबूस होईपर्यंत तापवायचं. आणि एक मूठ पार काळं. मी एकदा उत्साहानं काळं जरा जास्त घातलं. त्यांनी सगळं परातीत उपसलं आणि मला त्यातले काळे दाणे एकेक करून वेचायला लावले. "लाल दाणा जगात नसतो. फिका, तांबडा आणि काळा यांचं जमवून आणावं लागतं. काळा चढला की कॉफी पी घरी जाऊन."

लागरला, म्हणजे सावकाश आंबणाऱ्या या जातीच्या बिअरला, थंडी लागते आणि चेन्नईत थंडी विकतच घ्यावी लागते. मागच्या खोलीत एक जुना फ्रिज केवळ त्यासाठी घरघरत असे. घरी बिअर करायला कायद्याची परवानगी नव्हती, हे मी भीत भीत काढलं. "कायद्याला म्हणावं, दुकानात विकायला परवानगी दिलीस ती आधी पिऊन बघ." त्या स्वतः मात्र दोन घोटांपुढे पीत नसत. घोट तोंडात घोळवायचा, डोळे मिटायचे, आणि बहुतेक वेळा म्हणायचं, "नाही."

एकदा त्या "नाही" म्हणाल्या नाहीत. पेला उजेडात धरला तर आत पिकल्या डाळिंबाचा रंग. त्यांनी तो जपून ओट्यावर ठेवला. मग म्हणाल्या, "ही ह्यांनाही देईन."

हर्डीकरांनी ती आपल्या साहेबांना दिली. साहेब आणि त्यांच्या पत्नी जेवायला आले होते आणि मी वाढायला मदत करत होते. हर्डीकरांनी पेले भरले आणि इंग्रजीत म्हणाले, "सिंगापूरच्या मित्रानं आणली."

कुमुदताई भाजीचं भांडं घेऊन दारात उभ्या होत्या. "ही मी केली आहे," त्या म्हणाल्या.

हर्डीकर हसले. "हिला थट्टेची सवय आहे." साहेबही हसले. त्या हसण्यानं माझ्या कानशिलांत जो जाळ उठला, तो आज हे लिहितानाही उठतो आहे.

कुमुदताईंनी भांडं ठेवलं, आतून बरण्या आणल्या आणि तांबूस माल्टचे दाणे साहेबांच्या पत्नींच्या तळहातावर ठेवले. त्या बाईंनी एक दाणा चावला, पेला नाकाशी नेला आणि नवऱ्याला तमिळमध्ये म्हणाल्या, "अदे वासनै." तोच वास. साहेबांनीही चावून पाहिलं. "हर्डीकर, तुमच्या घरात तर गुन्हा चालतो," ते मजेत म्हणाले आणि त्यांनी पेला पुन्हा पुढे केला. हर्डीकरांना तेवढं एकच वाक्य ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी कुमुदताई बाजारात गेल्या असताना हर्डीकरांनी दूधवाल्याला बोलावून पोत्यातलं आणि बरण्यांतलं सगळं माल्ट त्याच्या म्हशींना देऊन टाकलं. फ्रिज भंगारवाला घेऊन गेला. मी गेले तेव्हा ओट्यावर बरण्या ओळीनं पालथ्या घातलेल्या होत्या. कुमुदताई त्यांच्यासमोर उभ्या होत्या.

"धुतल्या त्यानं," त्या म्हणाल्या. एरवी नवऱ्याला त्या 'हे' म्हणत. "नुसत्या रिकाम्या केल्या असत्या तर समजले असते की घाबरला. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, त्यानं घरातली एक बशी विसळली नाही. ह्या मात्र साबण लावून धुतल्या. वाससुद्धा राहू दिला नाही."

बाहेरच्या खोलीत हर्डीकर पेपर वाचत होते. "शेजारच्यांसमोर तमाशा नको," ते तिथूनच म्हणाले.

"तमाशा तू काल केलास," कुमुदताई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. त्यांनी माझ्यासमोरच निर्मलाला फोन लावला. तिच्या ओळखीचं कुणी गुडगावात जागच्या जागी बिअर करून विकणारं हॉटेल काढत होतं आणि बिअर करणाऱ्याच्या शोधात होतं. कुमुदताईंनी दोनच गोष्टी विचारल्या: माल्ट कोण निवडणार, आणि रंग घालायला सांगणार का. उत्तरं ऐकून "येते" म्हणाल्या.

पंधरवड्यात त्या गेल्या. सेंट्रल स्टेशनवर मी एकटीच पोचवायला होते. माझा रडका चेहरा बघून त्या चिडल्या. "रडतेस काय? त्रेपन्नाव्या वर्षी पहिल्यांदा स्वतःच्या बदलीवर चालले आहे. बॅग चढव वर."

पुढे काही दिवसांनी हर्डीकर लिफ्टमध्ये भेटले. बरोबर पहिल्या मजल्यावरच्या वृद्ध बाई होत्या. त्यांनी हर्डीकरांना विचारलं, मिसेस दिसत नाहीत हल्ली?

"बहिणीकडे गेलीय. तब्येत बरी नसते तिची," हर्डीकर म्हणाले.

"नाही," मी म्हणाले. "त्यांची तब्येत उत्तम आहे. त्या गुडगावला बिअर करायला गेल्या आहेत. तिथल्या मुख्य आहेत."

वृद्ध बाई आ वासून उतरल्या. लिफ्ट वर निघाली. हर्डीकर दाराकडे बघत राहिले आणि माझा मजला आल्यावर दबक्या आवाजात म्हणाले, "हे सांगायची तुम्हाला काय गरज होती?"

"होती," मी म्हणाले, आणि उतरले.