दोन चौकटींमधली जागा

मधवाल्या काकांना वाकडं पोळं खपत नसे. मधमाश्यांच्या पेटीत पोळ्यांसाठी लाकडी चौकटी टांगतात; दोन चौकटींमध्ये बोटाच्या जाडीहून कमीच जागा हवी. जास्त सुटली की माश्या तिथं मनाला येईल तसं पोळं बांधतात. चौकटी एकमेकींना चिकटतात आणि एक उचलावी तर दुसरीतल्या अळ्या चिरडतात. उभा जन्म त्यांनी लोकांना हेच शिकवलं. कुणाकडे गेले तरी आधी खुर्च्या सारख्या करायचे, मग बसायचे. काकांनी संसारही अंतर मोजूनच केला असेल, अशी शेजारी थट्टा करत. काकू म्हणत, "म्हणून तर अजून टिकलाय."

उन्हाळ्याच्या तोंडाशी काकू कडेची पेटी उघडायला गेल्या, तर झाकण निघेना. जोर लावला तेव्हा दिसलं, आत एक चौकट कमी होती. त्या जागेत झाकणापासून खाली पोळं लोंबत होतं, वेडंवाकडं, मधानं जड. पेटी काकांनीच बंद केली होती.

काकांचं विसरणं वाढत जाईल, असं डॉक्टरांनी काकूंना सांगितलं होतं. नावं जातील, रस्ते जातील, हे काकूंनी धरलं होतं. चौकटींतलं अंतरही जाईल असं धरलं नव्हतं.

तेव्हापासून काका दुपारी आडवे झाले की काकू पेट्या बघून येत. राहिलेली चौकट जागेवर ठेवायची. जादा पोळं कापायचं, पण आधी त्यावर राणी नाही ना, ते बघायचं. काकांना कळू द्यायचं नव्हतं. माश्यांचं कामही सुटलं असतं, तर त्यांच्यापाशी काय उरलं असतं?

एका दुपारी काका लवकर उठले. काकूंच्या हातातलं कापलेलं पोळं त्यांनी घेतलं, उलटंपालटं करून पाहिलं.

"एवढी जागा कुणी सोडली?"

"मी," काकू म्हणाल्या.

ते रागावतील असं त्यांना वाटलं. पण काकांनी आजारी माणसाच्या ठेवावा तसा त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"होतं असं, या वयात. तू नको आता पेट्यांना हात लावू. मी आहे ना."

पेट्यांपाशी जायचं तर आता काकूंना खरं सांगावं लागणार होतं.

दुसऱ्या दिवशी त्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत राहिल्या. काकांनी झाकण काढलं, एक चौकट उचलून उजेडात धरली, माश्यांशी काहीतरी बोलले. चौकट भिंतीला टेकवली. झाकण लावलं. हात पुसत आत आले.

"आता कसं व्यवस्थित झालं," ते म्हणाले.

काकू हो म्हणाल्या आणि चहाचं आधण ठेवलं. बाहेर ऊन चढत होतं. भिंतीला टेकवलेल्या चौकटीवरच्या माश्या अळ्यांना झाकून बसल्या होत्या.