बाहेरचा चहा बंद

आमच्या घरात अंदाजपत्रक म्हणून कधी काही नव्हतं. पगार झाला की मी तो बायकोच्या हातात ठेवायचो, त्यातले थोडे माझ्या खिशात परत यायचे आणि महिना पार पडायचा. कसा पडायचा ते तिचं तिलाच माहीत. जिल्हा परिषदेच्या शाळेत मी चौथीच्या पोरांना जन्मभर नफा-तोटा शिकवला, पण कोथिंबिरीची जुडी केवढ्याला येते हे मला साठी उलटली तरी ठाऊक नव्हतं. ती गेल्यावर ठाऊक झालं.

ती बरेच महिने नगरच्या दवाखान्यात होती. आमची होती नव्हती ती शिल्लक तिथं गेली. त्याचं मला काही वाटत नाही. ती शुद्धीवर होती तोवर मला रोज 'जेवलात का' म्हणून विचारायची, आणि तेवढं ऐकायला मी आणखीही पैसे घातले असते. पण तिचा चौदावा झाल्यावर लेकीनं बँकेची पुस्तकं समोर ठेवली तेव्हा मात्र मी ती पुन्हा पुन्हा चाळली. नुसती पेन्शन उरली होती आणि हे बेलापुरातलं घर.

लेक पुण्याला एका कंपनीत हिशेबाचं काम बघते. ती म्हणाली, "नाना, घर विकू आणि तुम्ही माझ्याकडे चला. एकट्याला कशाला एवढं मोठं घर?"

पुण्यात मी पूर्वी एकदा पंधरा दिवस राहिलो होतो. लेक चांगली, जावई चांगला, नातवंडं तर गळ्यातच पडायची. पण ती सगळी सकाळी बाहेर पडली की मी खाली उतरायचो, आणि फाटकावरचा वॉचमन मला रोज नव्यानं विचारायचा, "कुणाकडे जायचंय?" मी वर राहतो हे त्याला पंधरा दिवसांत पटलं नाही. इथं मी चौकात पाऊल टाकलं की कुणी ना कुणी "गुरुजी!" म्हणून हाक मारतो. निम्म्या गावाचा हात धरून मी पाटीवर अक्षरं गिरवून घेतलीत. त्या हाकेसाठी मला इथं राहायचं होतं. बाकी कारणं मी लेकीला बरीच सांगितली, पण खरं कारण तेवढंच.

भांडण झालं. मी चिडलो की मला शब्द सापडत नाहीत, आवाज तेवढा चढतो. शेवटी जावयानं तोडगा काढला. नानांनी एक वर्ष पेन्शनीत भागवून दाखवायचं, आणि दुखण्याखुपण्यासाठी दर महिन्याला काही बाजूला टाकायचं. जमलं तर घर राहील आणि नाना घरात राहतील. नाही जमलं तर विकायचं आणि कुरकुर करायची नाही.

मी हो म्हणालो. एका माणसाला लागतं काय, असं मला वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी लेक कागद घेऊन स्वयंपाकघरात बसली. मी सांगत होतो, ती लिहीत होती. किराणा, गॅस, लाईट, रक्तदाबाच्या गोळ्या. बेरीज पेन्शनीच्या पुढं गेली तशी तिनं खोडायला सुरुवात केली. गवळ्याचा रतीब बंद. एका माणसाला पिशवीतलं दूध पुरे, तेही डेअरीतून दिवसाआड. पेपर बंद, मोबाईलवर वाचा. माझा जुना नंबरही बंद, त्यांच्या घरच्या प्लॅनमध्ये नवा नंबर फुकटात बसत होता. पुढच्या खोलीतले दिवे आणि पंखा कशाला, मागच्या खोलीत झोपता तर तिथंच बसा. किराणा गावातून न घेता महिन्यातून एकदा श्रीरामपूरला जाऊन घाऊक आणा, एस.टी.ला तुम्हाला अर्धंच तिकीट पडतं. तिचं एकही वाक्य चुकीचं नव्हतं. मी अजून मास्तर असतो तर पैकीच्या पैकी दिले असते.

मग ती एका ओळीवर थांबली. "नाना, बाहेरचा चहा एवढा?"

आता हे तिला कसं सांगावं! आमच्या चौकातल्या गाड्यावर एकट्यानं चहा पिण्याची पद्धत नाही. एस.टी.तून निवृत्त झालेला एक कंडक्टर, माझे सदरे शिवणारा शिंपी आणि मी, असे आम्ही तिघं रोज संध्याकाळी तिथं असायचो. शिवाय ऊस घालून परतणारा ट्रॅक्टरवाला, बाजाराला आलेला जुना विद्यार्थी, कुणाचा तरी मेव्हणा. जो येईल त्याला "घ्या चहा" म्हणायचं. आज मी सगळ्यांचे दिले की उद्या कंडक्टर देणार, परवा शिंपी. कुणाची पाळी हे कुणी लिहून ठेवत नाही आणि कुणी विसरतही नाही. फक्त आपल्यापुरता चहा घेऊन आपल्यापुरते पैसे काढणारा माणूस आमच्याकडे हलका समजला जातो.

"मग तुम्ही चहा घरीच घ्या की," लेक म्हणाली, "आणि गप्पा मारायला जा नुसते."

हे पुण्याचं डोकं. गाड्यावर नुसतं बसून दुसऱ्याच्या पैशानं चहा कितीदा प्यायचा? आणि नको म्हटलं तर माणूस विचारतो, "का, रागावलात का?" मी तिला एवढं काही बोललो नाही. घर वाचवायचं होतं. म्हणालो, "काट ती ओळ." तिनं ओळीवर रेघ मारली, पुढं 'बंद' असं लिहिलं आणि तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ती पुण्याला गेली.

पहिले काही दिवस मी नुसता चौकात जाऊन आलो. कंडक्टर गाड्यावरून हात करायचा. मी लांबूनच "घाईत आहे" म्हणायचो. घाई कसली? घरी जाऊन आमटीला फोडणी द्यायची होती. तीनदा खोटं बोलल्यावर माझीच मला लाज वाटायला लागली, आणि मी मागच्या वाटेनं जाऊ लागलो. आमच्या घराच्या मागं घासाचं शेत आहे, त्याच्या बांधावरून प्रवरेच्या कडेनं गेलं की चौक न लागता डेअरीला आणि पुढं फाट्यावर जाता येतं. श्रीरामपूरची गाडी मी फाट्यावरच धरायचो. पुढच्या दाराचं काम उरलं नाही. ते मी आतून कडी घालून ठेवलं ते ठेवलंच.

एकदा भर दुपारी कंडक्टर घरी आला. फाटक वाजलं, मग त्याची हाक आली. "गुरुजी! हाय का घरात?" मी मागच्या खोलीत खाटेवर बसलो होतो. घरात दुधाचा थेंब नव्हता. दारात आलेल्या माणसाला बिनदुधाचा चहा द्यायचा? बायको असती तर तिनं मागच्या दारानं जाऊन कुठून तरी वाटीभर दूध आणलं असतं. मला ते सुचलं नाही असं नाही, पण धीर झाला नाही. मी श्वास धरून बसलो. त्यानं आणखी एक हाक मारली, थोडा थांबला आणि गेला. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

एकटं वाटायचं. उगाच शब्द फिरवत नाही, फार एकटं वाटायचं. संध्याकाळी लाईट लावायच्या आधीचा जो वेळ असतो तो सरता सरायचा नाही. मी कुकरशी बोलायला लागलो. शिट्टी व्हायला उशीर झाला की त्याला वर्गात झापावं तसा झापायचो. कधी कधी दोन-दोन दिवस माझ्या तोंडून दुसऱ्या माणसाशी शब्द निघायचा नाही, आणि डेअरीत "अर्धा लिटर" म्हणताना आवाज बसलेला निघायचा. डेअरीतली मुलगी नवी होती, बाहेरगावची. तिला मी गुरुजी आहे हे माहीत नव्हतं.

पण कागद जमत होता. महिन्याच्या शेवटी मी लेकीला फोनवर आकडे सांगायचो, ती म्हणायची, "वा, नाना!" त्या 'वा'वर मी पुढचा महिना काढायचो. दिवाळीला जावयानं गाडी पाठवली, मी कपड्यांची पेटी घेऊन चार दिवस पुण्याला जाऊन आलो. परत आलो तेव्हा गाडीवाल्याला फाट्यावरच उतरवायला सांगितलं आणि बांधावरून घरी आलो. सवयच लागली होती.

पुढं थंडीत एका सकाळी दूध आणायला निघालो तर नदीच्या घाटावर बरीच माणसं दिसली. टोप्या, उपरणी, पिंडाला कावळा शिवायची वाट बघत उभी असलेली. कुणाचा तरी दहावा असेल. ओळखीची माणसं असणार, दहाव्याहून उठलं की चौकात चहा होतोच, आणि मग माझा हात खिशाकडे जाणार. त्या दिवशी मी बांधावरूनच मागं फिरलो. दूध दुसऱ्या दिवशी आणलं.

उन्हाळ्यात वर्ष भरलं. लेक आली, आणि आल्या आल्या कपाट उघडून बसली. बँकेचं पुस्तक पाहिलं, कागद पाहिला, पुन्हा पुस्तक पाहिलं. मग तिनं माझ्याकडे पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले. "नाना, जिंकलात तुम्ही. मला खरंच वाटलं नव्हतं. आता घराचं नाव कुणी काढणार नाही."

मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! त्या रात्री मी पुढच्या खोलीतला दिवा लावला आणि आम्ही बापलेक तिथं बसून जेवलो. तिनं पिठलं केलं होतं, तिच्या आईसारखं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिची गाडी होती. बॅग जड होती, म्हणून बांधावरून न जाता मी तिला पुढच्या रस्त्यानं चौकातल्या स्टॅंडवर सोडायला गेलो. दाराची कडी गंजली होती, ती दोघांनी मिळून सरकवली. गाडी लागली, ती खिडकीत बसली, हात हलवत गेली. मी वळलो आणि वर्षभर चौकात ऐकली नव्हती ती हाक आली.

"गुरुजी! आवो गुरुजी!"

गाड्यावर कंडक्टर उभा होता. लगबगीनं आला आणि त्यानं माझे दोन्ही हात धरले. "कवा आले? लेकीला घिऊन आले व्हय?"

मला प्रश्न कळला नाही. तो मला ओढतच बाकड्यापाशी घेऊन गेला. "वयनी, गुरुजी आल्यात पुन्याहून. चांगला आलं घालून करा." गाड्यावरच्या वहिनी पदर सारखा करून हसल्या. म्हणाल्या, "लई वाळले गुरुजी. पुन्याचं पानी मानवलं न्हाई वाटतं."

"मी पुण्याला..." मी बोलायला लागलो, पण कंडक्टर थांबतो थोडाच. "आमाला कळलं हुतं की. गवळ्यानं सांगितलं रतीब बंद केला, पेपरवाल्यानं सांगितलं पेपर बंद केला. घरी येऊन हाका मारल्या, कुनी न्हाई. रोज रात्री बघावं तर पुढं अंधार. फोन लावला तर ह्यो नंबर बंद हाय म्हनतंय. दिवाळीत ह्या वयनींनीच बघितलं तुमाला पेटी घिऊन गाडीत बसताना. म्हनलं, चला, गुरुजी सुखी झाले, लेकीकडं गेले. मधी येकदा श्रीरामपूरच्या यष्टीत दिसले पिशव्या घिऊन. म्हनलं घर बघायला आले आसतील."

मी बाकड्यावर बसलो. तिथं नेहमी शिंप्याची जागा असायची, कोपऱ्याला, पाठ टेकायला. ती रिकामी होती. मी विचारलं, "शिंपी अजून आला नाही?"

कंडक्टरनं माझ्याकडे पाहिलं. मग वहिनींकडे. "तुमाला न्हाई का कळलं? शिंपी गेला ना थंडीत. झोपंतच गेला. तुमचा फोन लागंना. दहाव्याला मी म्हनलं बी घाटावर, गुरुजी पायजे हुते. पन पुन्याहून कुठं येनार मानूस."

घाट माझ्या डोळ्यांसमोर आला. ती उपरणी, त्या टोप्या. मी ज्या बांधावर उभा होतो तिथून हाक मारली असती तर ऐकू गेली असती. माझ्या अंगात होता तो सदरा त्याच्याच हातचा होता. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. दोघांना वाटलं, शिंप्यासाठी रडतोय. त्याच्यासाठीही रडत होतोच.

चहा आला. आल्याचा, दाट दुधाचा. पिऊन झाल्यावर खिशातून नोट काढली तर कंडक्टरनं माझा हात तसाच खिशात दाबून धरला.

"पाहुन्यानं कुठं पैसं द्यायचं आसत्यात व्हय गुरुजी?"

"मी पाहुणा नाही."

"बरं ऱ्हायलं. आता परत कवा निघायचं?"

"नाही निघायचं," मी म्हणालो. "मी इथंच राहतो."

"व्हय?" त्याचं तोंड खरोखर फुललं. "कवापासून?"