बोल्टाचा जॉइंट

“हे डब्बे बसवले की विनू बनारसला परत येणार नाही, असंच ना?”

मी पिकअपखाली उताणा पडलो होतो. आई बनारसच्या मंगला गौरी मोहल्ल्यातल्या घरून माझं जेवण घेऊन गॅरेजवर आली होती आणि तिने नेमकं दुखणं पकडलं होतं.

विनू माझा धाकटा भाऊ. लिलावात घेतलेली जुनी अमेरिकन पिकअप घेऊन तो दिल्लीला एका गेस्ट हाउसमध्ये नोकरीला निघाला होता. मालकाची अट एकच, धूर नको. इंजिन व्ही-एट, म्हणजे चार सिलिंडर इकडे, चार तिकडे. मी ड्युअल एक्झॉस्ट करत होतो. दोन्ही बाजूंना वेगळा पाइप, प्रत्येकात एक कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धूर साफ करणारा डबा. या डब्याला शिसं सोसत नाही. बिनशिशाचं पेट्रोल तेव्हा दिल्लीत मिळायचं. बनारसला नाही, वाटेतही नाही. आपलं नेहमीचं शिशाचं पेट्रोल भरत आलात की डबे बाद.

“मग निघतील असे लाव,” आई म्हणाली.

“अगं, वेल्डिंग मजबूत असतं,” शेजारी उभा विनू म्हणाला.

“मजबूत घेऊन काय करू? तू दिवाळीला ये.”

मी वेल्डिंग रद्द केलं. पाइपांच्या तोंडांना फ्लँज लावले, म्हणजे भोकांच्या चकत्या, आणि बोल्ट. डब्यांच्या मापाच्या दोन साध्या नळ्याही केल्या. बनारसला निघायचं की डबे काढून नळ्या लावायच्या. जातानाही तो नळ्यांवरच गेला, डबे मागे पोत्यात. गाडी अशी घुमली की गल्लीतला सांड उठून गेला. विनू खदाखदा हसला. ते हसणं मला अजून ऐकू येतं.

पहिली दिवाळी गेली, दुसरी गेली. ट्रेनने ये म्हटलं तर म्हणायचा, “गाडी घेऊनच येईन, दादा. ऐटीत.” मोठी गाडी घुमली की आई दारात जायची.

शेवटी मीच दिल्लीला गेलो. सवयीने गाडीखाली शिरलो. बोल्ट नव्हते. सगळीकडे वेल्डिंग.

“जॉइंट गळत होता, दादा. गेस्ट लोक खोकायचे. त्या नळ्या घेऊन जा ना, इथे जागा अडते.”

मी म्हटलं, “वेल्डिंग चांगलं केलंय.” केलं होतंही.

घरी आईने नळ्या पाहिल्या. पदराने पुसल्या. मग म्हणाली, “पलंगाखाली ठेव. लागतील.”

बोल्टाचा जॉइंट पुढेमागे गळतोच. गिऱ्हाइकाला मी हे आधीच सांगतो, आणि तरी बोल्टच लावतो.