बोलका वर्ग

मास्तरकीत किस्से गोळा करावे लागत नाहीत. कापडाच्या लूमखाली रुई साठते तसे ते आपोआप साठतात! आमच्या भिवंडीच्या कॉलेजात तर जरा जास्तच. सत्तरच्या दशकात मी तिथे इकॉनॉमिक्स शिकवायचो. वर्गातली निम्मी मुलं लूमवर शिफ्ट करून यायची आणि माझ्या लेक्चरला निवांत झोपायची. त्यात मी एका शिबिरात ऐकून आलो, मुलांना बोलतं करा, कामाला लावा. झालं, लागलो मागे!

*

पहिल्या दिवशी मी नुसते प्रश्नच विचारत सुटलो. गणेशपुरीचा दत्तू उठला.

"सर, उत्तर तुमाला ठाव हाय ना? मंग आमाला कशाला इचारता?"

मी हजेरी घेतली.

*

मग वर्गात बाजार भरवला. दत्तू तांदूळ विकणार, निजामपुऱ्याचा सलीम घेणार. घासाघीस अशी रंगली की घंटा कुणाला ऐकूच आली नाही.

दुसऱ्या दिवशी दत्तू खरोखरच गोणी घेऊन हजर! "सौदा ठरला व्हता ना, सर?"

सलीमनं गोणी उचलून पाहिली. "वजन कम है, सर!"

*

एकदा मालक आणि कामगारांच्या वाटाघाटी करायला लावल्या. बोलणी फिसकटली, कामगारांनी संप पुकारला. पुढच्या तासाला सगळे वर्गाबाहेर उभे! मालक झालेला सलीम तेवढा आत बसलेला.

"तुम्ही शिकवा, सर. मी नवीन कामगार बघतो."

*

या सगळ्यात आवाज फार व्हायचा. प्रिन्सिपॉलसाहेबांनी केबिनमध्ये बोलावलं.

"कदम, उद्या तुमच्या वर्गातून आवाज आला तर हे बंद. तुम्ही बोलायचं, मुलांनी ऐकायचं!"

फार वाईट वाटलं. आत्ता कुठे वर्ग जागा झाला होता. मुलांना सांगितलं, तर सलीम म्हणाला, "फिकर नको, सर. आवाज नाही होणार."

लूमच्या खडखडाटात कानाचा काही उपयोग नसतो. तिथे माणसं ओठांनी आणि हातांनी बोलतात. दुसऱ्या दिवशी सगळा वर्ग तसाच कडाकडा भांडत होता. लूमवर कधी न गेलेला दत्तूही तोवर तयार झाला होता, तो तर बाकावर चढून हातवारे करत होता. आवाज मात्र पंख्याचा तेवढा!

तेवढ्यात दारात साहेब. ते एकेकाच्या हलत्या ओठांकडे बघू लागले.

"कदम, काय चाललंय हे?"

मीही नुसते ओठ हलवले, "ग्रुप डिस्कशन, सर."

साहेबांनी कानात करंगळी घालून जोरात हलवली. मग लगबगीनं बाहेर जाऊन त्यांनी शिपायाला गाठलं.

"विठोबा, अरे, जरा मोठ्यानं काहीतरी बोल बघू!"